भोंग्यातल्या बाई

मला चेहऱ्यावरून कोणी ओळखत नसे. गंगापूर रोडला भाजी घ्यायला उभी राहिले, तर शेजारी आमच्याच विद्यापीठातले एखादे प्राध्यापक सपत्नीक मेथी पारखत असत आणि त्यांना माझा पत्ताही नसे. पण मी "गवार कशी दिली?" म्हटलं की त्यांची मान गर्रकन वळे. "अहो, तुम्ही भोंग्यातल्या बाई ना? उद्या पाणी येणार आहे का?" मग गवारीचा भाव राहायचा बाजूला आणि मी उभ्याउभ्या वसाहतीच्या पाण्याचं वेळापत्रक सांगायची. भाजीवाल्याची समजूत झाली होती की मी महानगरपालिकेत आहे. एकदा त्यानं मला त्याच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारावरून चांगलंच सुनावलं आणि मी निमूट ऐकून घेतलं.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका विद्यापीठात सूचना वाचायचं काम करत होते. आताच्या मुलांना सांगितलं तर ती विचारतात, "म्हणजे नक्की काय करायचात?" म्हणून सांगते. शहर संपून द्राक्षबागा लागतात तिथं आमचं आवार पसरलेलं होतं. एका टोकाला प्रशासन भवन, मध्ये ग्रंथालय आणि प्रयोगशाळा, दुसऱ्या टोकाला वसतिगृहं आणि त्यांच्याही मागं कर्मचाऱ्यांची वसाहत. या टोकाचं त्या टोकाला कळवायचं तर माणूस सायकलवर धाडावा लागे. फोन होते, पण ते साहेबांच्या टेबलावर आणि बहुतेक कुलूपबंद. म्हणून पूर्वी कधीतरी कोणा शहाण्यानं खांबाखांबांवर भोंगे बसवून घेतले होते. प्रशासन भवनाच्या जिन्याखाली एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माइक, बाजूला अॅम्प्लिफायर आणि बटणांची एक पट्टी. ग्रंथालयाचं बटण दाबलं की ग्रंथालयाचा भोंगा बोलायचा, वसाहतीचं दाबलं की वसाहतीचा. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस पडतोय हे मला जिन्यावरच्या ओल्या चपलांच्या आवाजावरून कळे.

बातमी पोचवायच्या दुसऱ्याही वाटा होत्या. परिपत्रक निघे, शिपाई ते सह्या घेत फिरवी, आणि सही ठोकणारा ते न वाचता शेजाऱ्याला विचारी, "काय आलंय हो त्यात?" काचेच्या कपाटातले सूचना फलक होते, पण त्या कपाटांच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो नेमका रजेवर असे. सगळ्यांत जलद म्हणजे कॅन्टीन. तिथं बातमी निर्णयाच्याही आधी पोचायची. पण कॅन्टीनच्या बातमीवर कोणाची सही नसते, म्हणून लोक शेवटी एकमेकांना विचारत, "भोंग्यात आलं का?" भोंग्यात आलं म्हणजे खरं, अशी आमच्याकडे रीत होती. त्या रीतीचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

प्रत्येक सूचना दोनदा वाचायची. पहिल्यांदा लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून, दुसऱ्यांदा त्यांनी ऐकावं म्हणून. मजकूर त्या त्या विभागाकडून यायचा, त्यावर कुलसचिवांची सही असायची, आणि त्यातला शब्द इकडचा तिकडे करायची मला मुभा नव्हती. "याद्वारे सर्व संबंधितांना कळविण्यात येते की" इथवर मी पोचेपर्यंत निम्मे संबंधित डुलक्या काढू लागत. एकदा मी न राहवून "उद्या संध्याकाळची बस नाही हो" असं सरळ सांगून टाकलं, तर कुलसचिवांनी बोलावून घेतलं. "बाई, भाषा सुधारायला आपल्याकडे मराठी विभाग आहे. तुम्ही फक्त वाचा." मग मी फक्त वाचू लागले.

माणसं मात्र काहीही घेऊन यायची. हरवलेला डबा, सापडलेली छत्री, चुकून कोणीतरी घालून नेलेली चप्पल. एक प्राध्यापक महिनाभर रोज येऊन सांगत होते की त्यांच्या नव्या पुस्तकाची सूचना वाचा, कालची वाऱ्यामुळं नीट गेली नाही. शेजारच्या मळ्यातला एक शेतकरी एकदा धापा टाकत जिन्याखाली आला.

"बाई, माझी गाय घुसलीय तुमच्या आवारात. जरा पुकारा ना."

"अहो, गाईला काय कळणार?"

"गाईला नाय वो, तुमच्या मास्तर लोकांला. त्यांनी सगळी गेटं लावून घेतली तर ती निघंल कुठून?"

मुद्दा बिनतोड होता. मी पुकारलं. गाय निघाली आणि मला दुसऱ्या दिवशी विनापरवाना सूचना वाचल्याबद्दल समज मिळाली. शेतकरी पुढं पेरू घेऊन आला होता, ते मात्र मी कोणाला कळवलं नाही.

हे सगळं ऐकून वाटेल की बाईंचं कसं मजेत चाललं होतं. तसं नव्हतं. सगळ्या आवाराशी मी बोलत होते आणि माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. माइकसमोर बोललेलं परत येत नाही. कोणी हुंकार भरत नाही, कोणी "हो का?" म्हणत नाही. दिवसभर असं बोलून मी वसाहतीत मागच्या रांगेतल्या माझ्या घरी जायची, कुलूप उघडायची, आणि मग सकाळपर्यंत तोंडातून शब्द काढायचं कारण पडायचं नाही. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मग राहिलंच. रविवारी एसटीनं सिन्नरला आईकडे जायची, तेवढंच. शेजारी चांगले होते, नाही असं नाही. पण मी कोणाचं दार वाजवलं नाही आणि त्यांनीही माझं वाजवलं नाही. भोंग्यातली बाई घरातसुद्धा सूचना देईल अशी त्यांना धास्ती वाटत असावी.

मग बिबट्या आला.

नाशिककरांना बिबट्याचं नवल नाही, पण आमच्या ग्रंथालयामागं भर सकाळी आला हे जरा अतीच झालं. रखवालदारानं पाहिला आणि तो धावत कुलसचिवांकडे गेला. कुलसचिव सावध गृहस्थ. त्यांनी स्वतः मजकूर लिहून माझ्याकडे पाठवला आणि सोबत निरोप दिला की बिबट्या हा शब्द उच्चारायचा नाही, घबराट होईल. मजकूर असा होता, "अपरिहार्य कारणास्तव सर्वांनी आहे त्या ठिकाणीच थांबावे." मी तो सगळी बटणं दाबून दोनदा वाचला.

आता आमच्या विद्यापीठात "अपरिहार्य कारणास्तव" या शब्दांना एक इतिहास होता. अपरिहार्य कारणास्तव परीक्षा पुढं जायची, तास रद्द व्हायचे, कार्यालय लवकर सुटायचं. हे दोन शब्द कानी पडले की पुढचं कोणी ऐकतच नसे. वर्ग बाहेर आले. कार्यालयं बाहेर आली. वसतिगृहातली पोरं तर पिशव्या भरून फाटकाकडे निघाली, कारण गावाला जायला दुपारची गाडी सापडणार होती. जिन्यावर चपलांचा गडगडाट सुरू झाला आणि त्यात हसण्याचे आवाज होते, त्यावरून मी ओळखलं की काय झालंय. मी पुन्हा सगळी बटणं दाबली आणि ओरडले, "बिबट्या आलाय! ग्रंथालयाच्या मागं बिबट्या आलाय! आत जा आणि दारं लावा!"

दोनदा सांगायची गरज पडली नाही. मैदान रिकामं झालं म्हणतात. मी काही पाहिलं नाही, मला खिडकी कुठं होती? दुपारी वनखात्याची माणसं आली तोवर बिबट्या आपल्या वाटेनं द्राक्षबागेत निघून गेला होता. संध्याकाळी माझ्या टेबलावर ज्ञापन आलं. मंजूर मजकुराव्यतिरिक्त मजकूर का वाचला, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला की बिबट्यानं मंजुरीसाठी वेळ दिला नाही. ते प्रकरण तिथंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत रमेश भालेराव आला. हा आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. नाकासमोर चालणारा, अबोल. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाई, आईनं निरोप दिलाय. काल ती ओट्यावर बसलेली होती. तुम्ही ओरडलात म्हणून आत जाऊन कडी लावली. तिला दिसत नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. "आईंना नमस्कार सांग."

इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याला आलेलं ते पहिलं उत्तर होतं. मला ते दिवसभर बरं वाटत राहिलं. पण म्हणून उठून त्यांच्याकडे गेले, असं काही झालं नाही.

पुढच्या वर्षी माझी आई गेली. सिन्नरला गेले, भावाबरोबर सगळं उरकलं आणि रजा संपली तशी परत आले. आमच्याकडे नियम होता की कर्मचारी वारला तर भोंग्यावरून शोकसूचना व्हायची, शोकसभा व्हायची. कर्मचाऱ्याची आई वारली तर काही नाही. नियम वाईट नव्हता. हजारभर माणसांच्या आयांची, वडिलांची सूचना करत बसलो असतो तर दुसरं काही वाचायला वेळ उरला नसता. तरीही त्या सकाळी माइकसमोर बसून ग्रंथालयाच्या थकीत पुस्तकांच्या दंडाची सूचना वाचताना मला फार एकटं वाटलं. वाचली नीट. एक शब्द चुकला नाही. जिन्यावरून माणसं जात येत राहिली, नेहमीसारखी.

दुपारी रमेश आला. नेहमीपेक्षा जास्त अवघडलेला.

"बाई, राग मानू नका. आई म्हणतीये, बाईंच्या घरात काहीतरी झालंय. जाऊन विचारून ये म्हणाली."

मला तेव्हा रडू आलं. माइकचं बटण बंद आहे ना, हे आधी पाहिलं आणि मग रडले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा भालेरावांच्या घरी गेले.

भालेराव आजी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढरं पातळ, हात सतत काहीतरी चाचपणारे. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले होते. मूळच्या त्या सटाण्याकडच्या. मुलाला इथं नोकरी लागली तशी त्याच्याबरोबर आल्या. सून घर आणि शिवणकाम सांभाळायची, नातू शाळेत. दिवसभर आजी आणि त्यांच्या दारासमोरच्या खांबावरचा भोंगा.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "कोण गेलं?"

"आई."

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "वाचलं तुम्ही चांगलं. पण तुमचा आवाज आज जमिनीवरून चालला व्हता. रोज तो उंचावरून येतो."

त्यानंतर मी जात राहिले. कधी आठवड्यातून एकदा, कधी रोज. आजींना माझ्या कामाविषयी माझ्यापेक्षा जास्त तक्रारी होत्या. "परीक्षेचं लय घाईत वाचता तुम्ही. पोरांच्या पोटात गोळा येत आसंल." "त्या मराठीच्या मास्तरांचं नाव घेताना नाकात का बोलता?" हे मला स्वतःला माहीत नव्हतं, पण खरं होतं, कारण पुस्तकवाले प्राध्यापक तेच. मोडक्या फर्निचरच्या लिलावाची सूचना आमच्याकडे वर्षानुवर्षं निघत होती, कारण कोणी बोलीच लावत नसे. आजींना तिची फार काळजी. "त्या खुर्च्या गेल्या का वो बाई?" हे विचारल्याशिवाय त्या चहा पाजत नसत. आणि एकदा म्हणाल्या, "कोणी मयत झालं की तुम्ही बोलायच्या आधी दम घेता. तुम्हाला नाय माहीत. तो दम आला की मी पदर डोक्यावर घेते. नाव मागून येतं."

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्यातलं एवढं बारीक कोणी ऐकलंय, हे कळल्यावर मी ओशाळले आणि सुखावलेही. एकट्या माणसाला असं कोणी ऐकलं की त्याची सवय लागते. सकाळी माइकसमोर बसताना मला आता वसाहतीतला तो ओटा दिसायला लागला. मी कुलसचिवांच्या मजकुरातलं अवाक्षर न बदलता त्या एका ओट्यासाठी वाचू लागले. काम सुधारलं असं लोक म्हणाले.

दोन हजार सालानंतर सगळं भराभर बदललं. संगणक आले, विद्यापीठाची वेबसाइट झाली, विभागाविभागांत ई-मेल आला आणि मग हातोहाती मोबाइल. एक माहिती कक्ष स्थापन झाला आणि त्यावर एक तरुण अधिकारी नेमले गेले. मुलगा वाईट नव्हता, मला मॅडम म्हणायचा आणि माझ्या आधी खुर्चीत बसायचा नाही. त्यानं बैठक बोलावली आणि सांगितलं की यापुढं सगळ्या सूचना वेबसाइटवर जातील, तातडीच्या असतील त्या एसएमएसनं जातील आणि भोंगे बंद होतील. त्यानं ध्वनिप्रदूषण हा शब्द वापरला. मी इतकी वर्षं जे करत होते त्याचं ते नाव.

"ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांना कसं कळणार?" मी विचारलं.

"असं कोण आहे मॅडम?"

"भालेराव आजी आहेत वसाहतीत. त्यांना दिसत नाही."

"त्या आपल्या कर्मचारी आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांना कळवणं आपल्याकडे येत नाही ना, मॅडम." हे तो उद्धटपणे बोलला नाही. त्याच्या कागदावर आजी नव्हत्या, एवढंच. मी भांडले. किमान संध्याकाळी एकदा, किमान वसाहतीचा एक भोंगा तरी राहू द्या म्हटलं. सभेत दोघातिघांनी माना डोलावल्या, पण चहा आला आणि विषय मागं पडला. भोंगे बंद झाले. काढून टाकायचे कष्टही कोणी घेतले नाहीत. त्यांत साळुंक्यांनी घरटी केली.

मला माहिती कक्षात टंकलेखनाला बसवलं. या खोलीला खिडकी होती, मोठी, द्राक्षबागेकडे उघडणारी. पण सूचना टाइप करून एक बटण दाबलं की ती कुठंतरी जायची आणि कोणी वाचली, कोणी नाही, काही कळायचं नाही. लोक आता आपापल्या हातातल्या फोनकडे पाहत जिना उतरत. पूर्वी एकाच वेळी सगळं आवार मान वर करून ऐकायचं, तसं आता काही होत नव्हतं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, ती काढायची म्हणून काढली.

संध्याकाळी मात्र मी आजींकडे जायची आणि दिवसभराच्या सूचना त्यांना वाचून दाखवायची. दोनदा, रीतीप्रमाणे. पाणी, बस, परीक्षा, लिलाव. पहिले काही दिवस आजी खूश होत्या. मग एके दिवशी त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"बाई, तुम्ही लय चांगल्या. पण राहू द्या."

"का हो आजी? माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाय. आता तुम्ही मला एकटीला सांगता. पहिलं मी सगळ्यांसंगं ऐकायची. तुम्ही बोलायला लागलात की म्होरच्या घरातली बाई भांडी घासायची थांबायची, वरची पोरं गप व्हायची. मला ऐकू यायचं ना ते. मला पाण्याचं काय करायचं व्हतं? मी घरात बसून सगळ्यांत बसलेली असायची."

सूचना म्हणजे आपण कोणालातरी काहीतरी सांगतो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. त्यानंतर मी सूचना नेणं सोडलं आणि नुसती बसायला जाऊ लागले. आम्ही दोघी ओट्यावर गप्प बसायचो. एकदा त्या सहज म्हणाल्या, "मला न्यायच्या दिवशी लोक आले पाहिजेत बाई. इथं कोणाला माहीतच नाय मी हाय म्हणून. रमेशला लाज वाटंल." मी त्यांना दटावलं, असं अभद्र बोलू नये म्हणाले.

आजी दिवाळीच्या सुट्टीत गेल्या, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रमेश माझ्या दारात येऊन उभा राहिला. वसाहत निम्मी रिकामी होती. अर्धेअधिक लोक गावी गेलेले. सटाण्याहून नातलग निघाले होते, पण त्यांना यायला दुपार होणार होती.

"बाई," तो म्हणाला, "खांदा द्यायला चार माणसं तरी होतील का? आई फार म्हणायची हो."

मी माहिती कक्षाच्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो गावी होता, मागं फटाके वाजत होते. त्यानं हळहळून ऐकून घेतलं. "पण मॅडम, एसएमएस फक्त कर्मचाऱ्यांच्या निधनाचा जातो. एकाच्या नातेवाइकांचा पाठवला की सगळ्यांचा पाठवावा लागेल. तुम्हाला तर नियम माहीत आहे." मला माहीत होता. माझी आई त्याच नियमात गेली होती. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मी पहिलं दार वाजवलं. एवढी वर्षं या वसाहतीत राहून, भालेरावांचा ओटा सोडला तर, मी कोणाचंच दार वाजवलेलं नव्हतं. दार उघडलं ते हसत. "या या, फराळाला या!" त्या बाईंना वाटलं मी दिवाळीची भेट द्यायला आले. आत चकल्यांचा वास, दारात रांगोळी, आणि मी अशी बातमी घेऊन उभी. मी सांगितलं. त्यांचं हसू ओशाळलं, पण त्या म्हणाल्या, "ह्यांना पाठवते." पुढच्या दारातही तसंच. त्याच्या पुढच्या दारात एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं, "भालेराव आजी म्हणजे कोण?" मी म्हटलं, भोंग्याच्या खांबासमोर ओट्यावर बसायच्या त्या. ते आठवू लागले. "हां, मी कामावर जाताना 'सांभाळून जा' म्हणायच्या, त्या?" आणि तिथंच खाली बसून बुटांच्या नाड्या बांधू लागले.

वरच्या मजल्यावरच्या एका घरी बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता. मी बोलण्याआधी दम घेतला. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर तसाच थांबला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. आणि मग माझ्याकडे निरखून बघत, "अगंबाई, तुम्ही भोंग्यातल्या बाई! तुम्ही इथंच राहता?"

"मागच्या रांगेत. पहिल्यापासून."

"आम्हाला कधी कळलंच नाही हो," त्या म्हणाल्या. हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या आणि मला त्याचं वाईट वाटलं, स्वतःसाठी आणि त्यांच्यासाठीही. मी पुढच्या दाराकडे गेले.

कुलपं लागलेली दारं सोडून मी सगळी वसाहत फिरले. मग वसतिगृहात, गावी न गेलेल्या पोरांकडे. मग फाटकावर रखवालदारांकडे, कॅन्टीनवाल्याकडे. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. भालेराव आजी गेल्या, दुपारी नेणार आहेत, या. घसा कोरडा पडला. एका घरी पाणी मागून प्याले. तेही या वसाहतीत पहिल्यांदाच.

दुपारी सटाण्याची जीप आली. आजींना पांढऱ्या वस्त्रात ठेवलं होतं, एका गृहस्थांनी त्रिसरण पंचशील म्हटलं, त्यांच्यामागून घरच्यांनी म्हटलं. मी अंगणाच्या कडेला उभी होते आणि मान वर करून रस्त्याकडे पाहत होते. लोक येत होते. दिवाळीचे नवे कपडे घातलेले, काहींनी तेच घालून यावं की नाही म्हणून वरून जुनी शाल घेतलेली. प्राध्यापक, शिपाई, वसतिगृहाची पोरं, कॅन्टीनवाला हात पुसत. अंगण भरलं, मग रस्ता भरला. रमेश आत जाऊन रडला. त्याच्या बायकोला मात्र सासूला सांगितल्याशिवाय राहवलं नाही, "आत्याबाई, बघा, सगळे आलेत."

निघायची वेळ झाली. सटाण्याहून आलेले आजींचे म्हातारे भाऊ काठी टेकत माझ्यापाशी आले. एवढ्या लोकांना बोलावून आणणारी मीच, हे कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. डोळे पुसत त्यांनी आपल्या अहिराणी वळणानं विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या आक्काच्या कोण? नातं काय शे?"

शेजारीण म्हणणार होते, पण ते खरं नव्हतं. मैत्रीण म्हणायला वयं जुळत नव्हती. मी म्हणाले, "काही नाही बाबा. मी बोलायची आणि त्या ऐकायच्या."

त्यांनी जरा विचार केला. मग काठीनं गर्दीतून वाट केली आणि म्हणाले, "मंग अशा लांब काब्रं उभ्या? चला, घरच्यांत चला."

आणि मी घरच्यांत जाऊन उभी राहिले.